आजीची नाव

१३ जानेवारी, मंगळवार

जंगल उतरलं एकदाचं. मिश्राजींच्या अक्षतचा पाचवा वाढदिवस काल त्यांच्या अंगणात झाला आणि आज सकाळी मी वाघ, माकडं, वेली सगळं पोत्यात भरून घरी आणलं. सिंहाची आयाळ सुतळीची केली होती. ती इतकी खरी वाटली की पाहुण्यांमधली एक मुलगी त्याला बघून केकच्या टेबलाखाली जाऊन बसली. मिसेस मिश्रा म्हणाल्या, "भाभी, बाज़ारवाले ऐसा नहीं कर पाते." मी वरवर "कुछ नहीं जी" म्हटलं, पण घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते.

ही वही खरं तर कामासाठी घेतली होती. कोणती खळ टिकते, पतंगाचा कागद उन्हात किती विटतो, असलं लिहायला. दुकानातलं तयार सामान आणायचं नाही, घरातल्या जुन्या साड्या, खोके, वर्तमानपत्रं यांतून थीम पार्टी उभी करायची, हा माझा नवा उद्योग. माझा नवरा स्वप्निल त्याला 'मनीषाचं भंगार' म्हणतो. पण बसते खळीबद्दल लिहायला आणि लिहून होतं घरच्यांबद्दल.

आज आईंबद्दल. आई म्हणजे माझ्या सासूबाई. अण्णा दिवाणावरून हाका मारत होते, "कुंदा, ए कुंदा, माझा चष्मा कुठं ठेवला?" आई तिथंच खाली बसून वाटाणे सोलत होत्या. ओ नाही की मान वर नाही. शेवटी मी चष्मा शोधून सासऱ्यांच्या हातात दिला. तेवढ्यात आत दूध वर यायला लागलं, तर आई माझ्याआधी उठून गेल्या. दूध ऐकू येतं आणि नवरा ऐकू येत नाही, हा कोणता बहिरेपणा?

नोव्हेंबरात आईंचे थोरले भाऊ सागरला, त्यांच्या माहेरी, वारले, तेव्हापासून त्या अशा गप्प झाल्या आहेत. मामा कित्येक वर्षं अंथरुणालाच होते, मी त्यांना कधी नीट पाहिलंही नाही. पण दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि आई तो घेऊन गॅलरीत जायच्या. आता आईंचा फोन कपाटात बंद पडून आहे. चार्ज करून देते म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे. आता कोणाचा येणार आहे?"

१५ जानेवारी, गुरुवार

काल आपल्याकडचं हळदीकुंकू. पतंगांची थीम. मराठी मंडळाच्या बायका आल्या, फोटो काढले, दोघींनी माझा नंबर घेतला. मग नेहमीप्रमाणे "नाव घ्या, नाव घ्या" सुरू झालं. मी तिथल्या तिथं जुळवलं:

संक्रांतीच्या वाणाला पतंगांचा थाट,
स्वप्निलरावांची पाहते रोज जेवायला वाट.

सगळ्या हसल्या, कारण स्वप्निलचा फॅक्टरीतला ओव्हरटाइम जबलपूरच्या आमच्या सगळ्या गढा मोहल्ल्याला माहीत आहे. मग सगळ्या आईंच्या मागे लागल्या. "कुंदाताई, विष्णुपंतांचं होऊन जाऊ द्या." आई हातातली हळदीची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "घेतली बाई जन्मभर सगळ्यांची नावं. माझं कोणी घेतं का?"

बायकांना वाटलं, विनोद आहे. मलाही आधी वाटलं. पण आई हसत नव्हत्या. रात्री भांडी लावताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोणी आपलं नाव घेत नाही, म्हणजे आपली कोणी आठवण काढत नाही, कौतुक करत नाही, असंच असणार! आठ फेब्रुवारीला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. आम्ही त्यांचा वाढदिवस कधी केलेला नाही. शिऱ्यावर भागवतो.

ठरलं. पंचाहत्तरी करायची. दुसऱ्यांच्या मुलांसाठी जंगलं उभी करते आणि स्वतःच्या सासूसाठी काही नाही, हे बरं दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय, "मनीषा, छान केलंस." वीस वर्षांत ते झालेलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

थीम सुचत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. फुलांची? सगळ्यांचीच असते. देवदर्शनाची? अण्णा खूश होतील, आई नाही. स्वप्निलला विचारलं, तुझ्या आईला काय आवडतं? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "वाटाण्याची उसळ." ती अण्णांना आवडते. आई करतात म्हणून त्याला वाटतं आईला आवडते.

आईंना विचारलं तर म्हणाल्या, "काहून खर्च करून राहिलीस? मला काही नको." मी म्हटलं, खर्च नाही, पुठ्ठा आहे. त्यावर त्यांनी वाटाण्यांचं सूप पुढं ओढलं. पार्टीच्या दिवशीही अशाच बसून राहिल्या तर? सगळी गच्ची सजलेली आणि उत्सवमूर्ती वाटाणे सोलतेय, असं डोळ्यांसमोर येतं.

२२ जानेवारी, गुरुवार

नेपियर टाउनला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. अण्णांनी हट्टच धरला. कंपाउंडरनं दारातून पुकारलं, "कुंदा देवी! कुंदा देवी!" आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसल्या. मी दंडाला धरून उठवलं तेव्हा उठल्या.

आत मशीन लावून तपासणी झाली. डॉक्टर हसून म्हणाले, "माताजी के कान तो मुझसे अच्छे हैं." अण्णा चिडले. "मग ओ काहून देत नाही ही?" डॉक्टरांना मराठी कळलं नाही आणि मला उत्तर माहीत नव्हतं. आईंना दोन्ही आलं असतं, पण त्या पर्स आवरत होत्या.

ऑटोत अण्णा सारखे "ऐकून राहिलीस न, कुंदा? कुंदा?" करत होते. आई बाहेर बघत राहिल्या. मला हा रुसवा वाटतो. पण कशाचा? आणि रुसवा असेल तर त्या सकाळी अण्णांच्या चहात आठवणीनं सुंठ कशी घालतात?

२४ जानेवारी, शनिवार

मिळाली! थीम मिळाली!

आमच्या लेकीला, सलोनीला, काम दिलं होतं: आजीला काय हवं ते काढून घ्यायचं. माझ्याशी आई बोलत नाहीत, पण नातीला नाही म्हणत नाहीत. सलोनी बारावीत, कोचिंग आणि मोबाइल यांतून जेवढी उरते तेवढी आमची. तिचं मराठी म्हणजे देवाची करणी. "माझी डोकं दुखते", "आबाची चष्मा तुटली". सगळं समजतं तिला, पण बोलताना हिंदीतून वळसा घेऊन येते. ती कोचिंगहून आल्यावर आजीच्या खोलीत गेली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली,

"मम्मी, आजीला तिची नाव पाहिजे."

"काय?"

"नाव. बोट. आजी बोली, बर्थडे पे और कुछ नहीं, बस तिची नाव पाहिजे."

"तिची म्हणजे?"

"मतलब खुद की. और बोलताना रडून राहिली होती थोडी."

मी चक्रावलेच. पंचाहत्तराव्या वर्षी नाव? मग आठवलं, आईंचं माहेर सागरचं, घर तलावाच्या अगदी जवळ. लहानपणी नावेत बसून भावाबरोबर फिरल्या असतील. भाऊ गेला, तलाव आठवला, नाव आठवली. किती सरळ आहे! उगाच कानाच्या डॉक्टरांना त्रास दिला.

लगेच आईंकडे गेले. "सलोनीनं सांगितलं मला. मी करणार."

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरलेच. "तू करशील? खरंच?"

"न करायला काय झालं? सगळ्यांसमोर होईल, गच्चीवर."

"यांना चालेल?"

"अण्णांना आत्ता सांगायचंच नाही."

त्यांनी माझा हात धरला. यापूर्वी त्यांनी माझा हात कधी धरला होता, आठवत नाही. म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आता कोणाला काही आठवतही नसेल." मला तलाव दिसायला लागला.

२७ जानेवारी, मंगळवार

फ्रिजच्या दुकानातून दोन मोठे खोके आणले. भैयानं फुकट दिले, वर ऑटोवर बांधूनही दिले. सलोनीच्या खोलीत नाव सुरू. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, वर पुठ्ठा, त्यावर वर्तमानपत्राचे थर आणि मैद्याची खळ. लाटांसाठी निळ्या साड्या हव्यात, चार सापडल्या. आईंना आत यायची बंदी.

आई बदलल्या आहेत. काल पोहे करताना गुणगुणत होत्या. आज कपाटातून जांभळी पैठणी काढून उन्हात टाकली. माझ्या ताटात न विचारता लोणचं वाढलं. अण्णांना मात्र अजून ओ नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

दोन्ही हात कोपरापर्यंत खळीत आणि अण्णांचा मोबाइल वाजायला लागला. अण्णा बँकेत गेलेले, मोबाइल चार्जिंगला. कोपरानं उचलला. पलीकडे कोणी म्हातारी बाई, मराठी. "शकू आहे का हो घरी?"

मी म्हटलं, "इथं शकू-बिकू कोणी नाही, राँग नंबर."

"असं का..." म्हणाली आणि तशीच थांबली. फोन माझ्या कानावरून घसरून खळीच्या भांड्यात पडता पडता वाचला. बंद केला.

जबलपुरात राँग नंबरही मराठीत यायला लागले, प्रगती आहे. नाव पुढून जरा वाकडी होऊन राहिली आहे. उद्या टोक सरळ करायचं.

१ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना कळलं. सलोनीच्या खोलीत पेपर शोधायला गेले आणि नावेसमोरच उभे राहिले.

"हे काय?"

"आईंची पंचाहत्तरी, अण्णा. नावेची थीम."

"नावेत बसवून कुठं पोचवून राहिलीस तिला?" अण्णा म्हणाले. "बाई, या वयात नाव म्हणजे लोक भलताच अर्थ काढतील."

मला हसू आलं. मी म्हटलं, "त्यांनीच मागितली. सागरच्या तलावात नावेत बसायच्या न त्या?"

"कोण, कुंदा? ती पाण्याला भिते. भेडाघाटला सगळे नावेत बसले, ही वर शेंगदाणे खात बसली. लग्न झाल्यापासून एकदा बसली नाही."

आता काय करावं? पाण्याला भिणाऱ्या बाईनं नाव कशाला मागावी? सलोनीला पुन्हा विचारलं. ती हेडफोन काढून म्हणाली, "मम्मी, मैंने अपने कानों से सुना, नाव बोली." स्वप्निल म्हणाला, "भीती वाटते म्हणूनच पुठ्ठ्याची मागितली असेल." हे मला पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. नाव निम्म्याच्या वर झालीय.

४ फेब्रुवारी, बुधवार

नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या नावांवर पुढं नाव लिहिलेलं असतं. आपल्या नावेवरही हवं. चंदेरी चमकीत मोठ्या अक्षरांत 'कुंदा' लिहिलं. फारच सुरेख दिसून राहिलं आहे. माझं मलाच कौतुक वाटलं.

दुपारी आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "लिहिणार आहेस न कुठंतरी?"

यांना कसं कळलं? सलोनी फुटली असणार. "लिहिलं पण! चमकीनं. सगळ्यांना दिसेल असं."

"अच्छा." मग थोड्या वेळानं, "तांदळात नाही?"

"तांदळात काहून?"

"काही नाही. तिथंच पुसलं होतं न, म्हणून म्हटलं."

काय पुसलं होतं? मी विचारणार तोच कुकरची शिट्टी झाली आणि अण्णा जेवायला आले. मला वाटतं, त्या रांगोळीबद्दल बोलत असाव्यात.

पण तांदूळ म्हटल्यावर मला माझं लग्न आठवलं. ताटात तांदूळ पसरले होते, स्वप्निलच्या हातात अंगठी, आणि गुरुजींनी विचारलं, "सुनेचं नवं नाव काय ठेवताय?" माझी बहीण शर्मिला सासरी जाऊन समिधा झाली होती आणि काय मिरवत होती. मी मनात तीन-चार नावं धरून बसले होते. आईंनी गुरुजींना सांगितलं, "आहे तेच लिहा." गुरुजी म्हणाले, "अहो, पण रीत आहे." आई म्हणाल्या, "आहे तेच लिहा."

मनीषाची मी मनीषाच राहिले. नवी सून घरात येतेय आणि तिचं नाव ठेवण्याचीही हौस नाही! पुढं स्वयंपाकाला, शिवणाला, माझ्या भंगाराला नावं ठेवली ती ठेवलीच, पण ठेवायचं ते एक नाव ठेवलं नाही. शर्मिलाला हे कधी सांगितलं नाही. तिला सांगितलं, आमच्याकडे ती पद्धत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

नाव दारातून बाहेर निघत नाही!

सलोनीच्या खोलीत बांधली, दार मोजलंच नाही. आडवी, उभी, तिरकी, सगळं करून पाहिलं. अण्णा दिवाणावरून सूचना देत होते. शेवटी स्वप्निलनं करवतीनं कापली, दोन तुकडे गच्चीवर नेले आणि मी वर जाऊन सुतळीनं शिवले. कापताना 'कुंदा'च्या मधूनच करवत गेली. पुन्हा चमकी लावली, पण सांधा दिसतो.

आई खालून विचारत होत्या, "इतका आवाज कशाचा होऊन राहिला?" मी म्हटलं, उद्या बघा. त्या लहान मुलीसारख्या "बरं" म्हणाल्या. मला रडूच आलं. पाण्याला भितात. उद्या नाव बघून तोंड फिरवलं तर मी कुठं जाऊ?

८ फेब्रुवारी, रविवार

हे आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला माझाच विश्वास बसणार नाही.

गच्ची निळीनिळी झाली होती. साड्यांच्या लाटा, पतंगाच्या कागदाचे मासे, झाडूच्या दांड्यांची वल्ही. खायला साबुदाण्याचे वडे, खोव्याची जिलेबी, पुरी-भाजी. मंडळाच्या बायका, मिश्रा कुटुंब, फॅक्टरीतले दोघं-तिघं. मधोमध नाव. सलोनी आजीला डोळ्यांवर हात ठेवून वर घेऊन आली. जांभळी पैठणी, अंबाड्यावर गजरा. सलोनीनं हात काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईंनी नाव पाहिली. पुढची अक्षरं वाचली. हातातला रुमाल चुरगळला आणि त्यांचा चेहरा असा उतरला की टाळ्या आपोआप थांबल्या.

"हे काय?" आईंनी मला विचारलं.

"नाव, आई. तुमची."

"आणि त्यावर कोणाचं आहे?"

"तुमचंच. कुंदा."

आई पुन्हा त्या अक्षरांकडे वळल्या. तेवढ्यात सलोनी म्हणाली, "आजी, आपही ने बोला था न? मुझे मेरी नाव पाहिजे."

आईंनी तिच्याकडे पाहिलं. मग नावेकडे. मग पुन्हा तिच्याकडे. आणि अचानक हसायला लागल्या. मामा गेल्यापासून पहिल्यांदा. इतक्या हसल्या की मिसेस मिश्रांनी त्यांना धरलं.

"अगं पोरी! माझी नाव नाही, माझं नाव! नाम, नाम! मी नाम मागितलं न बाई, आणि तू मला बोट आणून दिलीस!"

'ध'चा 'मा' झाला तो असा. सलोनी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी. मला मात्र अजूनही काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "पण आई, नाव तर आहे न तुमचं."

"ते यांनी ठेवलेलं. माझं वेगळं होतं. आईबापानं ठेवलेलं." आई डोळे पुसत होत्या, हसण्याचे की कसले, सांगता येत नव्हतं. "यांच्या आईला ते नको होतं. म्हणाल्या, या नावाच्या बाईला नवरा विसरला होता. घरात नको. लग्नाच्या ताटात तांदळावर हात फिरवला आणि कुंदा लिहिलं. माहेरी तेवढं जुनं चालायचं. एकेक करून सगळे गेले. शेवटी दादा हाक मारायचा फोनवर, तोही गेला. आता मला त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही."

स्वप्निलनं तोंड उघडलं. आजोळी जात होता, त्याला माहीत असणार. आईंनी हात वर केला. "तू नको. यांना सांगू दे."

सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "तुझं... ते..." म्हणाले. ओठ हलले, पुढं काही आलं नाही. त्यांना आठवत नव्हतं की जिभेवर येत नव्हतं, मला अजूनही कळलेलं नाही. ते खुर्चीत बसले. आईंनी मान वळवली आणि जिन्याकडे निघाल्या.

आणि माझ्या कोपराला खळ आठवली. चार्जिंगवरचा मोबाइल. असं का, म्हणून थांबलेली ती म्हातारी. मी विचार न करता, सासू आहे, मोठी आहे, काही न पाहता बोलून गेले,

"शकू?"

"ओ," आई म्हणाल्या.

थांबल्या. वळल्या. मला वाटतं, त्यांनाही कळलं नव्हतं की ओ त्यांनीच दिली आहे. इतक्या दिवसांत घरात कोणाला ओ दिली नव्हती त्यांनी. मी तिथंच रडायला लागले आणि मला थांबताच येईना.

बाकीचं सगळं एकदम झालं. अण्णा उठून खाली गेले आणि मला वाटलं, रागावून गेले. तर ते परातीत तांदूळ पसरून घेऊन आले. परात आईंसमोर नावेच्या काठावर ठेवली. बोटातली अंगठी काढायला गेले तर निघेना. बोटं सुजलेली असतात त्यांची. मग अंगठीसकट बोटानंच लिहायला लागले. 'श'. 'क'. तिथं थांबले.

"ऱ्हस्व की दीर्घ?" अण्णांनी विचारलं.

"ऱ्हस्व," आई म्हणाल्या.

अण्णांनी शकुंतला पूर्ण लिहिलं. बाकी काही कोणाला विचारावं लागलं नाही. सलोनीनं तोवर उरलेली चमकी आणून 'कुंदा'वर नवी पट्टी चिकटवली आणि आजीला विचारून विचारून नाव लिहिलं. करवतीचा सांधाही झाकला गेला. मग आई पैठणी सावरत नावेत चढल्या आणि बसल्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही तर पाण्याला भिता." तर म्हणाल्या, "हे काय पाणी आहे? ही माझी चौथ्या मंगळागौरीची साडी आहे, फाडलीस न तू!"

म्हणजे नावं ठेवलीच. जिलेबी दोन वेळा घेतली मात्र.

९ फेब्रुवारी, सोमवार

रात्री झोप आली नाही. स्वप्निलला म्हटलं, वीस वर्षांत मला सांगितलं काहून नाही? तो म्हणाला, "तू विचारलं कुठं?"

सकाळी आई माझ्यासोबत गच्चीवर लाटांच्या घड्या घालत होत्या. मी विचारलंच. "आई, माझं नाव तेव्हा काहून नाही बदललं?"

त्यांनी घडी पुरी केली. "तुझं तुझ्याजवळ होतं न. ते घेऊन मी काय करणार होते?"

मी त्यांना नमस्कार करायला वाकले, तर म्हणाल्या, "सुतळी पायात येईल, नीट उभी राहा." वीस वर्षं मी एक गोष्ट उलटी धरून बसले होते आणि त्यावर रागवतही होते. फार लाज वाटली. मग खूप बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, हे मला समजत नाही.

'छान केलंस' त्या म्हणाल्याच नाहीत. ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

अण्णा सकाळी चहासाठी हाक मारताना आधी "कुं..." म्हणाले, मग थांबले, घसा साफ केला, आणि "अगं ए" म्हणाले. आई आतून म्हणाल्या, "अर्धं बरोबर आहे, पुढचं म्हणा." अण्णांना बराच वेळ लागला. चहा गार झाला. पण म्हटलं.

मग मी अण्णांचा मोबाइल मागून घेतला. तीस तारखेचा तो नंबर शोधला आणि लावला. खूप वेळ वाजला. मी ठेवणारच होते.

"हॅलो?" तोच म्हातारा आवाज.

"नमस्कार. मी जबलपूरहून बोलते. तुम्ही त्या दिवशी फोन केला होता न, तो मीच उचलला होता. राँग नंबर नव्हता तो."

पलीकडे मागं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज.

"मी सत्यभामा," ती म्हणाली. "शाळेतली. दादा गेल्याचं मला उशिरा कळलं, त्यांच्याच घरून हा नंबर मिळाला. म्हणजे... शकू आहे?"

आई जिन्यावरून निळ्या साड्यांचा गठ्ठा घेऊन उतरत होत्या.

"हो," मी म्हटलं. "इथंच राहते. देते हं."